पाच ताटल्या काहक

इजिप्तमधल्या झगाझीगच्या कालव्याकडच्या गल्लीत इन्शिराहने काहकच्या, म्हणजे ईदच्या नक्षीदार बिस्किटांच्या, ऑर्डरी घेतल्या आणि त्याच क्षणी तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. नवरा सब्री जाऊन जेमतेम चार महिने झालेले. पहिल्या ईदला दुखवट्याच्या घरात काहक भाजत नाहीत, शेजारणी ताटली भरून आणून देतात; हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ही बाई भलीमोठी परात घेऊन पीठ मळायला बसली!

"अगं आई, आपण आपल्यासाठी करतोय का? लोकांसाठी करतोय," फोनवर ऑर्डरी घेणारी तिची लेक रिहाब म्हणाली. "घर चालायला नको?"

"पण ओव्हन आपलाच ना? मग वास कुणाच्या घरचा म्हणायचा?"

रिहाबने कपाळावर हात मारून घेतला.

वासाचीच तर भीती. बरोब्बर वरच्या मजल्यावर सब्रीची आई, हाज्जा तफीदा. लेक गेल्यापासून म्हातारी खाली उतरली नव्हती. काहकवर चिमट्याने नक्षी काढायला इन्शिराहला तिनेच शिकवलेलं. तीच उद्या म्हणाली, "माझ्या लेकाला विसरलीस," तर इन्शिराहने तोंड कुठे लपवायचं?

खिडक्या लावून तीन दिवस भाजणं चाललं. रोजा, त्यामुळे चव घ्यायची सोय नाही. कधी वाटे, आपण पोटासाठी करतोय, यात पाप कसलं? लगेच वाटे, पाप नाही तर खिडक्या का लावल्या? एक शेजारीण म्हणाली, "बरं केलंस हो, रिहाबच्या आई." दुसरी म्हणाली, "इतक्यात?" इन्शिराह दोघींनाही "खरंय" म्हणाली. काय करणार बिचारी, दोन्ही खरंच वाटत होतं.

ईदच्या सकाळी जिन्यातून हाक आली. "इन्शिराह! वर ये!"

ती वर गेली तर टेबलावर पाच ताटल्या. रिवाजाप्रमाणे पाच शेजारणींनी म्हातारीला काहक पाठवलेले. आणि पाचही ताटल्यांत नक्षी एकच, इन्शिराहच्या हातची!

"माझे डोळे गेलेत असं वाटलं तुला?" हाज्जा म्हणाली. "पाच घरचे, आणि हात एकच?"

"आई, चुकलं माझं. म्हणजे... चुकलं की नाही, तेच कळत नाहीये. घरात काही नव्हतं. सब्रीला मी..."

"तुझ्याकडे किती ताटल्या आल्या?"

"अं?"

"खाली. तुझ्या घरी. तुझाही माणूस गेलाय ना?"

इन्शिराहकडे एकही आली नव्हती. जिने भाजले तिलाच काय नेऊन द्यायचे, म्हणून कुणी फिरकलंच नव्हतं. आणि इतक्या दिवसांच्या घोळात हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

म्हातारीने एक ताटली उचलली आणि तिच्या हातात कोंबली.

"धर. मी वरची शेजारीण," ती म्हणाली. "आणि इथेच बसून खा."