परांजपे डॉक्टर, माशाचं तेल आणि लढाईतल्या शाळा

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या काळात मी शाळा तपासणाऱ्या डॉक्टरांसोबत नर्स होते. अमरावती-अकोल्याकडच्या शाळांत जायचं, पोरांचे डोळे, दात, पोट बघायचं आणि असेल ते औषध द्यायचं. औषध तेव्हा मोठ्या मुश्किलीनं मिळे. किस्सा मात्र प्रत्येक शाळेत मिळे. म्हणून एक सांगायला बसले की मागचे सगळे रांग लावतात.

आमचे परांजपे डॉक्टर पुण्याचे. तरुण, नवे, भाषा अगदी शुद्ध. धामणगावच्या शाळेत त्यांनी पहिल्याच पोराला बाकावर आडवं केलं आणि पोट चाचपत विचारलं, "बाळ, इथे वेदना होतात का?"

पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, "अरे, दुखून राहिलं का, विचारतात."

"पयले नोतं दुखत," ते म्हणालं. "आता हे दाबून राहिले तं दुखून राहिलं."

*

पेट्रोल लढाईवर गेलेलं, त्यामुळे मोटारी मागं बसवलेल्या भट्टीतल्या कोळशाच्या गॅसवर चालत. चढ आला की गाडी थांबे आणि उतारू ढकलत. परतवाड्याला जाताना एकदा डॉक्टरांनीही मागच्या भट्टीजवळून जोर लावला. उशीर झाला होता, म्हणून ते तसेच वर्गात शिरले आणि स्वच्छतेवर बोलू लागले. "चला, सगळ्यांनी हात दाखवा."

पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "पयले तुमचे दाखवा."

डॉक्टर हौदावर गेले आणि तोंड-हात धुऊन आले. पोरांनी त्यांना परत पाठवलं. कानामागं काळं राहिलं होतं.

*

अशक्त पोरांना माशाचं तेल पाजायचं असे. एका शाळेत एक आई तरातरा आली. गळ्यात तुळशीची माळ.

"डॉक्टरसायेब, माह्या पोरीले मासोयी पाजली तुमी?"

"बाई, ते औषध आहे. काही होत नाही."

"मंग तुमी पेऊन दाखवा."

डॉक्टर त्या बाईंपेक्षाही सोवळे. पण सगळा वर्ग बघत होता. डोळे मिटून त्यांनी चमचा तोंडात रिकामा केला. बाईंचं समाधान झालं, पण ही बातमी शाळाभर पसरली. मग प्रत्येक वर्गात पोरं म्हणत, "पयले डॉक्टर!"

संध्याकाळी आम्ही स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो, तेव्हा फलाटावरची मांजर डॉक्टरांना सोडून दुसऱ्या कुणाजवळ जायला तयार नव्हती.

*

अकोल्याच्या एका शाळेत मैदानावर खंदक खणले होते. विमानहल्ल्याचं ड्रिल रोज चाले. आम्ही देवीची लस टोचायला गेलो तर वर्ग रिकामे. हेडमास्तर घाबरले. शोधलं तर सगळी शाळा खंदकात, डोक्यावर हात घेऊन बसलेली.

"सायरन कुठे वाजला?" हेडमास्तर ओरडले.

आतून उत्तर आलं, "तुमीच सांगतलं ना सर, धोका दिसला का खंदकात जा."

शेवटी डॉक्टर पेटी घेऊन खाली उतरले आणि तिथंच टोचायला बसले. पळायला जागा नव्हती. इतकं सोपं काम आम्हाला पुन्हा कधी मिळालं नाही.

*

परतवाड्याकडच्याच एका शाळेत शांता नावाची मुलगी होती. बाप भाजीवाला माळी. शाळेच्या गुरुजींचा आवाज असा, की बाहेर बांधलेले बैलसुद्धा कान टवकारत. ते म्हणाले, "ही मठ्ठ आहे. फळ्यावरचं एक अक्षर धड वाचत नाही."

बापही आला होता. "शाळेतून काढतो हिले. पन मळ्यात बी काय कामाची? तन म्हनून रोपंच उपटते."

डॉक्टरांनी डोळे तपासायचा चार्ट टांगला आणि पोरींना रांगेनं वाचायला लावला. शांतानं वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हटला. डॉक्टर थबकले. त्यांनी चार्ट उलटा टांगला. शांतानं तितक्याच घडाघडा पुन्हा म्हटला. रांगेतल्या पुढच्या पोरींचं ऐकून तिनं सगळा पाठ केला होता.

"हिला लांबचं दिसतच नाही हो," डॉक्टर म्हणाले.

लढाईत चष्मे मिळणं कठीण. डॉक्टर अमरावतीत दुकानंदुकानं फिरले आणि एक जुनी फ्रेम मिळवून तिच्यात काचा बसवून आणल्या. पुढच्या खेपेला मीच तो चष्मा शांताच्या नाकावर ठेवला. फ्रेम मोठी होती, म्हणून मागून दोरा बांधला.

तिनं फळा बघितला, खिडकी बघितली, बापाकडं बघून हसली. मग गुरुजींकडं वळली आणि बराच वेळ बघत राहिली. गुरुजी अस्वस्थ झाले. "काय गं?" ते गरजले.

"गुर्जी," शांता म्हणाली, "तुमी तं माह्या आज्यावानी म्हतारे हा. मी उगीच भेत होती."