जुनं कॅबिनेट, दोन गाठी

धाकटीला राग येत नाही, ही तिच्या आईची जुनी काळजी होती. पोर आजारी पडलं तर औषध देता येतं, अभ्यासात मागे राहिलं तर शिकवणी लावता येते. पण ज्याला स्वतःसाठी चिडताच येत नाही त्याचं काय करायचं? अशा माणसाच्या डोक्यावर जग खुशाल मिरे वाटतं, आणि हा वर म्हणतो, वाटा, पण जरा हळू वाटा, खाली कागद ठेवलेत.

मग आईच स्वतःच्या आणि तिच्या, दोघींच्या वाटचं चिडायची. एकदा तर तिनं थेट धाकटीच्या पहिल्या ऑफिसात फोन लावून तिथल्या साहेबाला खडसावलं होतं. त्यानंतर धाकटी दहा दिवस घरात मुक्यासारखी वावरली. शेवटी आईनं शब्द दिला, "तुझ्या कामाच्या ठिकाणी पुन्हा कधी फोन करणार नाही." सात वर्षं तो तिनं पाळला. जिभेला चिमटा काढून पाळला.

धाकटी आता एका ब्रेल छापखान्यात मशीनची देखभाल करत होती. अंध मुलांच्या शाळांना तिथून पुस्तकं जायची. जाड कागदावर ठिपके उठवणारं ते धूड एका तीस वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं, कारण मशीन चालवणारं कार्ड नव्या कॉम्प्युटरमध्ये बसत नव्हतं आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. मशीनवर बसायचे मास्तर. जन्मापासून अंध, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मशीनचा आवाज जरा बदलला तरी ते शेजारच्या खोलीतून ओरडायचे, "ताई, तिसरी ओळ चुकतेय बघा!"

एके दिवशी वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि पाणी नेमकं त्या कॉम्प्युटरवर गळत राहिलं. कॅबिनेट खालून गंजून चाळण झालं, पॉवर सप्लाय जळाला. आतला बोर्ड आणि कार्ड मात्र वाचले. छापखान्याच्या व्यवस्थापकांनी दुसऱ्याच दिवशी नवंकोरं कॅबिनेट आणलं. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे.

"साहेब, यात आपला बोर्ड बसणार नाही," धाकटी म्हणाली.

"का? पेटी ती पेटी."

"जुन्या कीबोर्डची गोल पिन लावायला मागे भोकच नाही. आपल्याला दाबलं की आत बसून राहणारं बटण लागतं, याचं लगेच बाहेर येतं. आणि याच्या पॉवर सप्लायला एकच लांब प्लग आहे. आपल्या बोर्डाला दोन वेगळे लागतात."

"मग पाडा की भोक!"

घरी आल्यावर तिनं हे हसत हसत सांगितलं. आईला काही हसू आलं नाही. "त्याच्याच डोक्याला पाडायचं होतंस. आत दिवे तरी लागले असते."

त्यानंतर चार शनिवार धाकटी जुन्या मालाच्या बाजारात फिरली, आणि आई तिच्यासोबत. "तू कशाला?" "पिशवी धरायला." खरं कारण वेगळं होतं. या जुन्या कॅबिनेटांमध्ये भिंतीतली वीज थेट पुढच्या बटणापर्यंत येते, हे धाकटीच्या तोंडून सहज निघून गेलं होतं, आणि तेव्हापासून आईची झोप उडाली होती.

तिसऱ्या शनिवारी एका दुकानदारानं खोक्यातून पॉवर सप्लाय काढला. चकचकीत, वर सोनेरी लेबल. "जुन्या पद्धतीचे दोन प्लग, मॅडम. हातात घेऊन बघा. वजन बघा, वजन!"

धाकटीनं तो तोलला, कानाशी नेऊन हलवला आणि खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"अहो, सील तोडू नका!"

तिनं तोडलं. आत मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर, चार किरकोळ भाग, आणि तळाशी दोन स्क्रूंनी आवळलेली लोखंडाची पट्टी. नुसतं वजन भरायला.

"हे काय आहे?"

"ते... स्थिरतेसाठी असतं."

"लोखंडच विकायचं होतं तर किलोनं सांगायचं ना," धाकटी म्हणाली. तिचा आवाज दुकानाबाहेर गेला. "हा जिथे लागेल तिथे जाळ होईल. कुणाचा हात असेल तेव्हा त्याच्यावर?"

शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. आई पिशवी धरून बघतच राहिली. म्हणजे पोरीला राग येतो! मशीनसाठी येतो, दुसऱ्याच्या हातासाठी येतो. फक्त स्वतःचं नाव आलं की कुठे जातो, देव जाणे.

कॅबिनेट शेवटी सापडलं ते एका केशकर्तनालयात. बाहेरच्या बाकाखाली पडलेलं, आणि थांबलेली गिऱ्हाइकं त्याच्यावर पाय ठेवून वर्तमानपत्र वाचत होती. धाकटीनं एकाला पाय उचलायला लावले, खाली वाकून पाठीमागे बोट फिरवलं. "गोल भोक आहे! आई, पॉवर सप्लायसुद्धा आतच आहे!"

"न्या की," न्हावी कात्री न थांबवता म्हणाला. "पण मला पाय ठेवायला काहीतरी द्या. गिऱ्हाईक लटकत्या पायांनी बसत नाही."

अशा रीतीनं आईचं स्वयंपाकघरातलं स्टूल गेलं. वरच्या फळीवरचा डबा काढताना ती अजून रोज त्या न्हाव्याचा उद्धार करते.

घरी जेवणाच्या टेबलावर धाकटीनं पॉवर सप्लाय उघडला, झाडला, पुढच्या बटणाच्या तारांवर नवी रबरी टोपणं चढवली. आईची अट एकच होती, दोघींनी रबरी चपला घालायच्या. नुसता लावला तर चालत नाही, काहीतरी भार हवा, म्हणून एक जुनी डिस्क जोडून तिनं बटण दाबलं. पंखा फिरला. आईनं डोळे उघडले.

"आता हे दोन प्लग," धाकटीनं दाखवलं. "सारखेच दिसतात, कुठेही बसतात. पण दोन्हीकडच्या काळ्या तारा मध्ये, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्ड गेला. दुसरा मिळायचा नाही."

"मास्तरांना काळं काय नि पांढरं काय?"

आई सहज बोलून गेली. धाकटी मात्र थबकली. धूळ साफ करायला प्लग काढून पुन्हा लावायचे ते मास्तरच. इतकी वर्षं नखानं खरवडलेल्या खुणेवर चाललं होतं, आणि ती खूण जुन्या पॉवर सप्लायबरोबर गेली. आई उठली आणि बटणं लावायचा जाड दोरा घेऊन आली. दोघींनी मिळून प्रत्येक प्लगच्या काळ्या तारांवर एकेक पक्की गाठ मारली. गाठीला गाठ भिडली की बरोबर. सोमवारी मास्तरांनी बोट फिरवलं आणि स्वतः आईला फोन केला. "वहिनी, तीस वर्षांत या मशीनवर मला वाचता येईल असं पहिल्यांदाच कुणी काही लिहिलं."

तो नंबर आईनं जपून ठेवला होता.

दोन महिने मशीन घड्याळासारखं चाललं. मग एका गुरुवारी छापखाना बघायला देणगीदार येणार होते. व्यवस्थापकांनी सकाळीच मशीनच्या खोलीत आवराआवर काढली. मास्तर कोपऱ्यात पानं तपासत बसले होते. संध्याकाळी त्यांनी धाकटीला सांगितलं, "साहेब म्हणाले, मशीनला हे गंडेदोरे कुणी बांधलेत? मग कात्री वाजली. मग प्लग काढून पुन्हा बसवल्याची खटखट झाली. आणि बटण दाबल्यावर जळका वास आला, ताई."

बोर्ड जळाला होता. प्लगच्या काळ्या तारा दोन टोकांना, बाहेरच्या बाजूला. कापलेला दोरा कचऱ्याच्या टोपलीत.

शुक्रवारी व्यवस्थापकांनी धाकटीला एकटीलाच आत बोलावलं. "मी हात लावलेला नाही. एक तर तुम्ही चुकीचं जोडलंत, नाहीतर मास्तरांनी. विश्वस्तांना लेखी कारण द्यायचंय. आंधळा माणूस विजेच्या पेटीत हात घालतो हे त्यांना कळलं तर मास्तरांचं काय होईल, तुम्हीच बघा. सोमवारी साडेनवाला पत्र आणा."

हे धाकटीनं रविवारी रात्री सांगितलं, तेही पत्र लिहून झाल्यावर.

"म्हणजे तू सही करणार?"

"मास्तरांची दोन वर्षं राहिलीत, आई."

"अगं, पण ते खोलीत होते! त्यांनी कात्री ऐकली!"

"म्हणूनच त्यांना पत्राचं सांगायचं नाही. ते भांडायला उठतील आणि त्यांची नोकरी जाईल. मला दुसरीकडे काम मिळेल."

"अशा माणसाला कानाखाली..."

"आई. झोप."

सोमवारी सकाळी आठ वाजता धाकटी आंघोळीला गेली. पत्र जेवणाच्या टेबलावर, तिथेच, जिथे गाठी मारल्या होत्या. आईनं ते वाचलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे.' निष्काळजीपणा! चार शनिवार पायपीट करणारी पोर निष्काळजी, आणि कात्री चालवून नामानिराळा झालेला तो शहाणा जबाबदार. आईनं कागद फाडायला उचलला आणि परत ठेवला. फाडून काय होणार? धाकटी दुसरा लिहील, याहून सुवाच्य अक्षरात.

राग व्यवस्थापकावर होताच. पण खरं म्हणजे तो पोरीवरही होता. मास्तरांना वाचवायचं आणि मास्तरांनाच सांगायचं नाही? ज्या माणसाला प्लगवरची गाठ वाचता येते, त्याला आपल्या पाठीमागे काय चाललंय ते कळू द्यायचं नाही? भांडायचं की गप्प बसायचं, ते मास्तर ठरवतील. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस काय कडेवरचं बाळ आहे?

आणि आपण तरी पोरीला विचारून करतोय का, असा एक काटा तिच्या मनात टोचलाच. तिनं तो तसाच राहू दिला. शब्द दिला होता तो कामाच्या ठिकाणी फोन न करण्याचा. मास्तर यावेळी घरी असतात, ही पळवाट तिला सुचली, आणि तिची तिलाच लाज वाटली. नाही. शब्द मोडायचाच असेल तर सरळ मोडावा.

न्हाणीघरात पाणी पडत होतं. धाकटीला कळलं तर ती चिडेल, भयंकर चिडेल. या वेळी दहा दिवस गप्प बसायची नाही, तोंडावर बोलेल, आवाज चढवेल.

चिडू दे, आई मनाशी म्हणाली. एकदा तरी चिडू दे पोरीला.

तिनं चष्मा लावला, पत्र समोर धरलं आणि मास्तरांचा नंबर काढला.