तांदळावरचा पंजा

लग्न होऊन कसबा बावड्यात आले, तेव्हा वर्षाचा तांदूळ एकदम घरात भरतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर कबनूरचं, वडील यंत्रमागावर कामाला. आमच्याकडं तांदूळ लागेल तसा दुकानातनं पिशवीतनं यायचा. इथं संक्रांत झाली की थोरले दीर आजऱ्याकडं जायचे आणि टेंपोतनं पोती घेऊन यायचे. मग आम्ही दोघी सुना सुपं घेऊन बसायचो. खडे वेचायचे, चाळायचं, बोरिक पावडर चोळायची आणि पत्र्याच्या दोन उंच पिंपांत भरायचं. ओल लागू नये म्हणून पिंपं विटांवर फळी टाकून ठेवलेली असायची. एक रोजच्या वापराचं. दुसऱ्यावर प्लॅस्टिकचा कागद घालून तो सुतळीनं आवळलेला. पहिलं संपलं की दिवाळीच्या सुमाराला दुसरं उघडायचं.

तांदूळ घरचा, पण हात घालायचा हक्क एकट्या दिरांचा. साखर कारखान्यात कामाला जायच्या आधी ते स्वतः मापट्यानं त्या दिवसाचा तांदूळ काढून द्यायचे. मग पिंपातला तांदूळ सपाट करून त्यावर आपला पंजा दाबायचे. पाची बोटं स्पष्ट उमटायची. संध्याकाळी आल्यावर आधी झाकण उघडून तो पंजा बघायचे, मगच चहा. पहिल्या दिवशी मला हसू आलं. जाऊबाईंनी माझं मनगट इतकं जोरात धरलं की बांगडी पिचली.

"हसू नको धाकटे. ठसा मोडला की माझं हाड मोडतंय."

ते मी पुढं बघितलं. एकदा पाहुणे आले म्हणून जाऊबाईंनी मूठभर तांदूळ जास्त घेतला, तर संध्याकाळी दिरांनी कमरेच्या पट्ट्यानं त्यांच्या पाठीची सालटं काढली. एकदा मांजरानं झाकण पाडलं, ठसा विस्कटला, तेव्हा दिरांनी विचारलंसुद्धा नाही. लाथ बसली ती पोटात. जाऊबाई सीमेकडच्या गावच्या, माहेरी कानडी बोलणाऱ्या. मार खाताना त्या कानडीत काहीतरी पुटपुटायच्या. देवाचं नाव घेतात असं मला वाटायचं. नंतर त्यांनीच सांगितलं, त्या शिव्या होत्या.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, अशा वेळी उठून परसात जायच्या आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासत बसायच्या.

एका वर्षी दिवाळीच्या आधी, दिरांच्या सुट्टीचा दिवस. माझा नवरा कामावर गेलेला, जाऊबाईंची मुलं बाहेर खेळायला. दिरांनी दुसऱ्या पिंपाची सुतळी सोडली. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. आतनं त्यांची हाक आली ती थंड, दबक्या आवाजात. ओरडले असते तर मी घाबरले नसते.

"हिकडं ये गं जरा."

जाऊबाई पदराला हात पुसत गेल्या. पिंप गळ्यापर्यंत भरलेलं होतं, आम्हीच भरलं होतं. आता ते हातभर खाली गेलं होतं.

"गणपतीला तुझा भाऊ जीप घिऊन आलता. किती पोती घातलीस जीपमधी?"

"देवाशपथ न्हाय. मी त्या सुतळीला हात बी लावला न्हाय ओ."

"मग काय पिंपानं खाल्ला?"

त्यांनी केस धरले. पिंपाच्या कडेवर डोकं आपटल्याचा आवाज मी भाकरी टाकून दारात येईपर्यंत दोनदा आला. आणि मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरनं जात नाही. त्यांनी जाऊबाईंना कमरेतनं उचललं, उलटं केलं आणि त्यांचं डोकं पिंपात खुपसलं.

"खा! लई भूक हाय न्हवं म्हायेरला? खा!"

मानेवर दोन्ही हात देऊन ते दाबत होते. जाऊबाईंचे पाय हवेत झटके देत होते. पिंपातनं येणारा आवाज माणसाचा वाटत नव्हता. पायांचे झटके कमी व्हायला लागले तशी मी धावले. दिरांना ओढण्याएवढी ताकद माझ्यात नव्हती. मी पिंपालाच खांदा लावला. वरच्या कडेवर त्या दोघांचं वजन होतंच, एका बाजूची वीट सरकली आणि पिंप आडवं झालं. सगळ्या खोलीभर तांदूळ पसरला. जाऊबाई त्यात पालथ्या. त्यांना उलटी झाली, तीत तांदूळच होता. नाकातनं, तोंडातनं तांदूळ आणि पावडरीचा पांढरा फेस.

दीर उठून पुन्हा त्यांच्यावर चालून गेले, तेवढ्यात आत्ती मध्ये येऊन उभ्या राहिल्या. परसातनं कधी आल्या कळलं नाही. हात राखेनं भरलेले.

"तिनं न्हाय. म्या दिला तांदूळ."

"तू गप बस."

"म्या दिला! माझ्या लेकीला दिला. तुझ्याच भणीला. हिथं पिंपं भरल्याती आणि तिथं तिची पोरं कण्या खात्यात. येईल तवा पिशवीत तांदूळ घालून वर भाजी ठिवून देत हुते. मार की मला. मारतोस?"

आमची नणंद इचलकरंजीला दिली होती. नवरा दारूत बुडालेला. ती आली की आत्ती भाजी बांधून देतात एवढंच आम्हाला माहीत.

दिरांनी मारलं. आईला. उलट्या हाताची अशी बसली की आत्ती भिंतीवर जाऊन आदळल्या आणि सरकत खाली बसल्या. तोंडातनं रक्त आलं.

पिंपाचं झाकण माझ्या पायाशी पडलं होतं. जाड पत्र्याचं, कडा दुमडलेली. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि दिरांच्या तोंडावर घातलं. भुवईपासून कानापर्यंत फाटलं. ते तांदळावरनं घसरून बसले आणि माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं. मी पुन्हा उचलणार, तर जाऊबाईंनी माझ्या हातातनं झाकण ओढून घेतलं. मग त्यांनी मारलं. खांद्यावर, हातावर, पाठीवर, तोंडातनं तांदूळ थुंकत, कानडीत शिव्या देत. दीर नुसते हात डोक्यावर धरून बसले होते. मी अडवलं नाही. मला ते बरं वाटत होतं.

शेवटी आत्तीच म्हणाल्या, "बास कर. मरंल त्यो. कळंब्याच्या जेलात जायचंय काय?"

दीर टॉवेल डोक्याला दाबून दवाखान्यात गेले आणि पिंप अंगावर पडलं म्हणून सांगितलं. गल्लीनं सगळं ऐकलं होतं. कुणी काही बोललं नाही, तसं आधीही कुणी बोललं नव्हतं.

आम्ही तिघी तांदूळ भरत बसलो. भिंतीकडचा तांदूळ लाल झाला होता. "धुऊन घ्या, अन्न हाय," आत्ती सुजलेल्या ओठांनी म्हणाल्या. जाऊबाईंनी तो सुपात भरला आणि परसात कोंबड्यांपुढं फेकला. कोंबड्यांनी सगळा खाल्ला.

संध्याकाळी माझा नवरा आला. बाहेरच कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असावं. आल्या आल्या, "माझ्या भावावर हात टाकलास?" म्हणत त्यानं माझ्या कानशिलात मारली. त्याआधी त्यानं मला कधी बोटही लावलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत आत्ती म्हणाल्या, "ह्यो बी तसलाच निघाला. दोन्ही माझ्याच पोटचं." मग त्याला आईचं तोंड दिसलं. तो उंबऱ्यावर जाऊन बसला आणि त्या दिवशी जेवला नाही. मीही वाढलं नाही.

दोन दिवसांनी जाऊबाईंचा भाऊ जीप घेऊन आला आणि त्यांना मुलांसकट घेऊन गेला. जाताना आत्तींनी जीपमध्ये तांदळाचं पोतं ठेवायला लावलं, सगळ्यांदेखत. दीर टाके घातलेलं डोकं घेऊन पुढच्या सोप्यात बसले होते.

पुढच्या संक्रांतीनंतर त्या परत आल्या. अट एकच घातली होती: तांदूळ त्याच आणणार आणि त्याच काढणार. तेव्हापासून आजऱ्याला आम्ही दोघीच जायचो. नणंदेचं पोतं टेंपोतनं परस्पर इचलकरंजीला उतरायचं. दिरांचं हात उगारणं लगेच थांबलं असं मी म्हणणार नाही. दोन-तीनदा उगारला. जाऊबाई जागच्या हलायच्या नाहीत, नुसत्या त्यांच्या भुवईवरच्या व्रणाकडं बघायच्या. मग हात खाली यायचा.

मी एकदा त्यांना विचारलं, कशाला आलात परत? तिकडंच राहायचं होतं.

"तिथं वैनी मोजून घालत हुती," त्या म्हणाल्या. "हिथं निदान झाकण कुठं असतंय त्ये मला ठावं हाय."

दोन हजार सालानंतर चुली वेगळ्या झाल्या. आम्ही वरच्या मजल्यावर राहायला गेलो. आत्ती जाईपर्यंत खालीच, जाऊबाईंजवळ राहिल्या. त्यांचा समोरचा दात त्या दिवशी हलला होता, तो पुढं पडला. दीर माझ्याशी त्या दिवसापासून बोललेले नाहीत. काही सांगायचं असलं तर जिन्याखाली उभे राहून माझ्या मुलीला हाक मारतात, "तुझ्या आईला म्हणावं..." आणि मी वरनं मुलीलाच उत्तर देते.