नाल्याचं पाणी

परळच्या नाल्यापाशी लोक नाकाला रुमाल लावतात. माझी पावलं मात्र तिथेच रेंगाळतात. बाबांच्या पायाच्या जखमेला कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नव्हतं. मी लॅबमध्ये जंतूंना मारणारे विषाणू शोधायचे. ते घाणीत हमखास सापडतात, म्हणून याच नाल्याचं पाणी बाटलीत भरलं आणि लॅबला जाताना हॉस्पिटलात बाबांना दाखवलं.

"गटारातला औषध?" बाबा हसले. मग खाट थोपटत म्हणाले, "जरा बस गो हय."

"उशीर होतोय, बाबा."

बाबा गेले. त्यानंतर चौथ्या दिवशी, काचेच्या बशीत त्यांच्या जखमेतल्या जंतूंच्या गढूळ थरावर स्वच्छ ठिपके उमटले. विषाणू सापडला होता.

तेव्हा वाटलं, चार दिवसांनी हुकलं. आज वाटतं, औषध त्यांनी मागितलंच नव्हतं.