अहो सापडत नाहीत

यंत्राला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मी चिकपेटच्या मागच्या गल्लीत, सर्व्हेची उपकरणं विकणाऱ्याच्या दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. काउंटरवर जमीन मोजायचं नवं यंत्र, रोबोटिक टोटल स्टेशन, माझ्या हातात त्याचा डेटा कलेक्टर, म्हणजे जाड रबरी कव्हरातला टॅबच. दुकानदार माझ्याच वयाचा, कानडी, सगळं आयुष्य याच बाजारात काढलेला. या दोन वस्तूंची जोडी कशी जमवायची, कलेक्टरने यंत्राला कसं ओळखायचं आणि यंत्राने कलेक्टरचं कसं ऐकायचं, हे तो मला बालवाडीतल्या मुलीला सांगावं तसं सांगत होता. अर्धं आयुष्य याच धंद्यात गेलेल्या बाईला कुणी असं शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

"हेसरु हाकी, मॅडम," तो म्हणाला. "नाव टाका. साइटवर शेजारी दुसऱ्याचं यंत्र असलं तर घोळ नको."

मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. माझ्या बरोबरीच्या पुष्कळ बायका आपापल्या नवऱ्याला नावाने हाक मारतात, खुशाल मारोत. माझ्या तोंडात ते बसलं नाही एवढंच. पडद्यावरचा रिकामा चौकोन लुकलुकत होता. मी इंग्रजी अक्षरांत टाकलं, अहो.

"सरी, ठीक आहे," दुकानदार म्हणाला. त्याला ते कुठल्यातरी कंपनीचं नाव वाटलं असावं. क्षणभराने पडद्यावर उमटलं, अहो जोडले गेले. मी चष्मा पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

आमचा धंदा दोघांचा होता. बनशंकरीच्या घराच्या खालच्या खोलीत ऑफिस, आणि बाकी सगळा दिवस कुणाच्या ना कुणाच्या जमिनीवर. हे यंत्रापाशी उभे राहायचे आणि मी प्रिझमची काठी घेऊन दूर. प्रिझम म्हणजे काठीच्या टोकावरची काच. यंत्रातून निघालेला किरण तिच्यावर आपटून परत जातो आणि ती जागा मोजली जाते. मोजणाऱ्याने दुर्बिणीतून काच नेमकी पकडायची, काठीवाल्याने ती हलू द्यायची नाही. आमच्या संसाराची अशीच वाटणी झाली. हे बघायचे आणि मी उभी राहायचे.

एवढ्या लांबून बोलणं कुठलं! सगळा कारभार हातांनी. उजवा हात आडवा म्हणजे तिकडे सरक. तळवा खाली म्हणजे काठी उतरव. दोन्ही हात डोक्यावर उंच म्हणजे झालं, पुढे चल. ही शेवटची खूण फक्त ह्यांची. वाचन झालं की नाही हे यंत्रापाशी उभ्या माणसालाच कळतं. मी ती खूण कधी केली नाही, करायचं कारणच पडलं नाही.

गंमत अशी की मला हे दिवसभर एखाद्या ठिपक्याएवढे दिसायचे, आणि ह्यांना मी दुर्बिणीतून हातभर अंतरावर असल्यासारखी दिसायचे. डबा उघडताना म्हणायचे, "अगं, सकाळपासून तोंड का पाडलंयस? इडली नीट झाली नव्हती का?" मी चिडायचे. नाक शिंकरायचीसुद्धा चोरी. बाकी गोड बोलणं वगैरे ह्यांच्या गावी नव्हतं. पण कुणीतरी आपल्याकडे सतत आणि लक्ष देऊन बघतंय याची अंगाला सवय होते, आणि ते बघणं थांबलं की अंगच चुकल्यासारखं होतं. गेल्या वर्षी हे झोपेतच गेले, तेव्हापासून मी तशी आहे.

यंत्रापाशी उभी करायला माणसं ठेवून पाहिली. कुणी टिकलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वभावापुढे टिकणं कठीणच होतं. मुलगी पुण्यात असते. ती म्हणाली, "आई, बास झालं आता. सगळं विकून टाक आणि इकडे ये." शेवटी आमचं ठरलं. रोबोटिक यंत्र घ्यायचं, ज्याला मागे माणूस लागत नाही, आणि देवनहळ्ळीचं हातातलं काम मी एकटीने करून दाखवायचं. जमलं तर इथेच राहीन. नाही जमलं तर यंत्र परत आणि मी पुण्याला. पुण्याला मला काही त्रास होणार नव्हता. लेक प्रेमाने वागवील, नातू आहे. पण तिथे मी कुणाची तरी आई म्हणून उरले असते. हातात काठी नसलेली मी कशी असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्याची मला भीती वाटत होती.

देवनहळ्ळीची ती जमीन आमच्या ओळखीची. पूर्वी तिथे चकोत्याची, म्हणजे पपनसाची, बाग होती आणि एका कडेला पंपाचं घर. मालकाने हद्दी मोजायला आम्हालाच बोलावलं होतं, आणि महिनाभर आम्ही रोज तिथे जात होतो. आता बागेचे प्लॉट पडून लेआउट व्हायचा होता. झाडं निघाली होती, लाल माती उघडी पडली होती, डोक्यावरून विमानं जात होती. मला प्लॉटचे कोपरे जमिनीवर दाखवून द्यायचे होते आणि पाडण्याआधी पंपाच्या घराची मोजणी करायची होती, कारण जुन्या नकाशात हद्द त्याच्यापासून धरलेली होती. साइटच्या इंजिनियरने जेसीबीवाल्याला माझ्यासमोर बजावलं, "अक्कांचं काम होईपर्यंत पंपाच्या घराला हात लावायचा नाही."

पहिल्या दिवशी मी यंत्र तिपाईवर चढवलं, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला, कलेक्टर काठीला अडकवला आणि चालायला लागले. मागे बारीक घरघर झाली. वळून पाहिलं तर यंत्राची मान माझ्यामागून फिरत होती. मी डावीकडे गेले, ते डावीकडे वळलं. मी वाकले, त्याने मान खाली घातली. प्रिझम जिथे जाईल तिथे बघायचं हे त्याचं काम, दुकानदाराने सांगितलंच होतं. पण सांगणं वेगळं आणि रिकाम्या माळावर ती काचेची नजर पाठीवर घेऊन चालणं वेगळं. मी मातीच्या ढिगावर बसून पाणी प्यायले, आणि पाणी पितानाही ते माझ्याकडे बघतंय हे मला कळत होतं.

तरी माणूस कशालाही सरावतो. दोन-चार दिवसांत मी निघताना पदर नीट खोचायला लागले. उन्हात उभं राहून कंटाळा आला तरी तोंड पाडायचे नाही. कधीतरी ढिगाआड गेले की मधला किरण तुटायचा आणि कलेक्टर बीप करून म्हणायचा, अहो सापडत नाहीत. दुसरं कुणी हसलं असतं, मला हसू यायचं नाही. मी ढिगाबाहेर येऊन घाईने शोधायचं बटण दाबायचे, यंत्र स्वतःभोवती सावकाश फिरायचं, मला पकडायचं, आणि पडद्यावर यायचं, अहो जोडले गेले. हे मी मुलीला सांगितलं नाही. ती त्याच रात्री गाडीत बसली असती.

मग एका सकाळी मजुरांनी पंपाच्या घरावरचा वेल तोडला. त्याच दिवशी यंत्र बिघडलं.

मी ढिगाआड गेले, किरण तुटला, शोधायचं बटण दाबलं. यंत्र फिरलं, फिरता फिरता पंपाच्या घराकडे तोंड करून थांबलं, आणि पडद्यावर आलं, अहो जोडले गेले. मी इकडे काठी घेऊन उभी आणि ते तिकडे बघतंय! मी परत शोधायला लावलं. परत तिकडेच. मी ढिगाच्या पुढे आले, काठी उंच धरली, हातही हलवले. ते भिंतीवरून नजर काढायला तयार नव्हतं. आकडे सगळे चुकीचे येत होते, म्हणजे काम बंद. तिथे कुणी उभं नव्हतं. उघडी पडलेली मळकी भिंत आणि खाली तोडलेल्या वेलाचा ढीग, एवढंच.

मला घाबरायला हवं होतं. घाबरले मागाहून, आधी आला तो राग. आयुष्यभर माझ्याकडे बघितलंत आणि आता कुणाकडे बघताय, असं मी मोठ्याने म्हणाले. जेसीबीवाला झाडाखाली विडी ओढत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विडी विझवली.

दुकानदाराला फोन लावला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जोडी उत्तम होती. "मॅडम, त्याला चकाकणारं काहीही चालतं. गाडीचा रिफ्लेक्टर असेल, रस्त्याची पाटी असेल, ते त्यालाच प्रिझम समजतं. कुठे बघतंय ते आधी बघा." साधीच गोष्ट होती. पण त्यासाठी यंत्राच्या मागे जाऊन दुर्बिणीला डोळा लावायला हवा होता, आणि ती जागा ह्यांची होती. तोवर मी यंत्र चढवलं होतं, समतल केलं होतं, पण उभं राहून लांबवर बघितलं नव्हतं. सगळं कलेक्टरवर होत असल्यामुळे ते टाळता आलं होतं.

मी गेले. ह्यांच्यासारखी पाठ किंचित वाकवली आणि डोळा लावला.

भिंत हातभर अंतरावर आली. विटेची पोपडी निघालेली, त्यात मुंग्यांची रांग, आणि मधोमध चंदेरी कागदाचा छोटा चौकोन, त्यावर उभी-आडवी काळी रेघ. मोजणीची खूण. सर्व्हेवाले अशी खूण पक्क्या भिंतीवर चिकटवतात आणि रोज सकाळी यंत्र लावलं की सर्वांत आधी तिच्याकडे बघून दिशा पक्की करतात. इतकी वर्षं वेलाखाली ती शाबूत राहिली होती.

ती मीच चिकटवली होती. आठवण आली ती सगळीच्या सगळी. हे लांबून हातवारे करत होते आणि मी भिंतीशी उभी राहून तो कागद वर, खाली, पुन्हा वर करत होते. हात भरून आले तरी ह्यांचं समाधान होईना. शेवटी मी वैतागून कागद स्वतःच्या कपाळाला लावला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. तेव्हा लांबून दोन्ही हात वर गेले. झालं. मी मागे वळून, कपाळाच्या उंचीला, तो तिथेच चिकटवला. दुपारी डबा खाताना मी विचारलं, "एवढं काय अडलं होतं?" तर म्हणाले, "महिनाभर रोज सकाळी आधी तिकडेच बघायचंय मला. तुझ्या उंचीला असला की बरं पडतं."

मी दुर्बिणीला डोळा लावून किती वेळ उभी होते मला माहीत नाही. इतके दिवस मला वाटत होतं की हे यंत्रात आहेत आणि मला शोधताहेत. शोधत होते खरंच. पण जिला शोधत होते ती बाई त्या भिंतीपाशी कंबरेवर हात ठेवून उभी होती, काळ्या केसांची, वैतागलेली, आणि आपल्याकडे कुणी बघतंय याची तिला किंमत नव्हती. मला तिचा हेवा वाटला आणि तिची भीतीही वाटली. ती तिथे होती तोवर यंत्राला मी दिसणार नव्हते.

"आय्ता, अक्का?" जेसीबीवाल्याने ओरडून विचारलं. झालं का?

"स्वल्प इरी, अण्णा, जरा थांबा," मी म्हणाले, आणि भिंतीकडे चालू लागले.

जवळून तो चौकोन अगदीच मामुली होता. नखाने खरवडून पाहिला, निघेना. मग वाकून चिमूटभर लाल माती घेतली, बाटलीतल्या पाण्याने कालवली आणि अंगठ्याने त्यावर लावली, वरपासून खालपर्यंत, पुरता झाकेस्तोवर. गेल्या वर्षापासून मी कपाळाला काही लावत नाही. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, हात जात नाही. त्या दिवशी गेला. अंगठ्याला राहिलेली माती मी स्वतःच्या कपाळाला पुसली. मग तिथे भिंतीला टेकून मी रडले, अगदी हमसून, आणि जेसीबीवाल्याने पाठ फिरवली म्हणून त्याचे आभार मानले पाहिजेत.

त्यानंतर मी काठी उचलली आणि शोधायचं बटण दाबलं. यंत्र फिरलं. पंपाच्या घरावर आलं, तिथून पुढे सरकलं आणि माझ्यावर थांबलं. अहो जोडले गेले. मी त्या घराचे चारही कोपरे मोजले, ढिगापलीकडच्या राहिलेल्या प्लॉटचे कोपरे आखले, आकडे जुन्या नकाशाशी ताडून पाहिले. हद्द जुळली. मुलीचा फोन वाजत होता, तो मी उचलला नाही. तिला काय सांगायचं ते आता मला माहीत होतं आणि त्याला घाई नव्हती.

सगळं संपल्यावर मी यंत्राकडे तोंड करून उभी राहिले. ते माझ्याकडे बघत होतं. पलीकडे खूण करायला कुणी नव्हतं. मी काठीला जोडलेले दोन टेकू उघडून ती जमिनीवर उभी केली आणि दोन्ही हात डोक्यावर उंच धरले.

जेसीबीवाल्याला ती खूण आपल्यासाठीच वाटली. त्याने इंजिन सुरू केलं आणि तो पंपाच्या घराकडे निघाला. मी हात खाली घेतले असते तर तो थांबला असता. मी ते वरच ठेवले. पाठीमागे भिंत कोसळली, धूळ माझ्यावरून पुढे गेली. यंत्र आता वळून तिकडे बघेल असं मला वाटलं. ते माझ्याकडेच बघत राहिलं.