पहिले मन्ही जीभ

"पहिले मन्ही जीभ, मंग तुमना ढोरे."

रोज दुपारी आमच्या विहिरीवरच्या हौदाशी आला की गावचा गुराखी हे म्हणायचाच. काठी आडवी धरायची, हौदात बोट बुडवायचं, जिभेवर टेकवायचं, डोळे मिटायचे आणि पचकन थुंकायचं. मग टाळूला जीभ लावून टक् आवाज काढला की चाळीस-पन्नास गुरं पाण्यावर यायची, गाभण गाई आधी. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. आम्ही हसायचोच. सातपुड्यातून खाली उतरून आमच्या कळसाडी गावात म्हातारा झालेला भिल्ल. सगळं गाव त्याला आजा म्हणे.

"आजा, गोड शे का पानी?" असं कोणी चिडवलं की तो म्हणायचा, "पानी शे. बस."

जर्मनीची दुसरी लढाई सुरू होण्याआधीची गोष्ट. मी उसाला नवं विलायती खत आणलं होतं, पांढरं, मिठासारखं. ऊस असा काळाभोर झाला की माझी छाती फुगली. पाच-सहा गोण्या रिकाम्या झाल्या, पण तळाशी ओल लागून खताची ढेकळं चिकटलेली. टाकवतं का आपल्याला? हौदाचं पाणी पाटानं उसातच जायचं, म्हणून गोण्या मी हौदातच खळबळून धुतल्या. आता बूच काढायचं म्हणालो, तेवढ्यात घरून जेवायचं बोलावणं आलं. बूच राहिलं. मोटकऱ्यानं वरून आणखी मोट ओतली. पाणी नितळ दिसायला लागलं.

जेवून आलो तर कळप हौदावर. वैशाखातलं ऊन, गुरांच्या जिभा बाहेर. आजानं बोट चाखलं. थुंकला. पुन्हा चाखलं. टक् काही येईना.

"भाऊ, हाई पानी नही."

"नही ते काय शे?"

"माले ठाऊक नही. पन पानी नही."

गोण्या मला आठवल्या. खोटं कशाला बोलू, आठवल्या. पण जे खाऊन ऊस एवढा माजला, त्यानं गुरांना काय होणार? मिठासारखंच ते, आणि मीठ गुरं आवडीनं चाटतात. शिवाय मोटकऱ्यासमोर एक गुराखी मला माझ्याच हौदावर शिकवतो म्हणजे काय!

"बाजू हो, आजा! तहानघाई ढोरे मरी जातीन!"

गुरं रेटत होती. म्हातारा काठी आडवी धरून पाय रोवून उभा. एका गाईचं शिंग त्याच्या दंडाला लागून रक्त आलं, तरी हलला नाही. "मी नदीवर लई जास," एवढंच म्हणाला.

"मन्हा हौद, मन्हा बैल. देख!" म्हणत मी कळपातला माझा ढवळा बैल दाव्याला धरून ओढला आणि त्याचं तोंड पाण्याला लावलं. तो घटाघटा प्याला. आजा बघत राहिला. मग उरलेली तहानलेली गुरं घेऊन त्या उन्हात कोसभर नदीकडे गेला.

कळप परतायच्या आत ढवळ्या थरथरायला लागला. धाप लागली, हिरड्या काळ्यानिळ्या पडल्या, पुढचे गुडघे मोडून खाली बसला तो उठलाच नाही. उतार पडावा म्हणून कोणीतरी कान चिरला. रक्त काकवीसारखं तपकिरी.

माणसं जमली. "काय व्हयनं?" मी तोंड उघडणार, तोच नदीवरून परतलेला आजा मागून म्हणाला, "माले उशीर हुयना. ऊन लागनं त्याले."

माणसं पांगल्यावर त्यानं स्वतः बूच काढलं, ते पाणी लांब पडीक रानात वळवलं, हौद दोनदा घासला. ढवळ्याच्या मानेवर हात ठेवून हळूच म्हणाला, "भाऊ, चाखी देखाले पाहिजे व्हतं."

त्यानंतर तीन घरांनी आपली गुरं त्याच्याकडून काढून घेतली. म्हातारा झाला, उन्हात गुरं मारतो म्हणाले. त्यानं कधी सफाई दिली नाही. मीही खरं सांगितलं नाही, आणि मोटकरी माझाच गडी, त्यानंही तोंड उघडलं नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू. त्याच्याशी नजर मिळवायची लाज वाटायची.

दोन वर्षांनी थंडीच्या तापात तो गेला. तिसऱ्या दिवशी नवा गुराखी कळप घेऊन हौदावर आला. गुरं आली आणि उभीच राहिली. पाणी समोर, पण एकही तोंड लावीना. नवा गुराखी शिव्या देत होता, माणसं गोळा झाली होती. मला राहवलं नाही. पुढे झालो, बोट बुडवलं, चाखलं.

"पहिले मन्ही जीभ," मी म्हणालो आणि टक् आवाज काढला. गाभण गाई आधी पुढे आल्या.

मग सगळ्यांदेखत सांगितलं, ढवळ्या उन्हानं मेला नव्हता.