न दिसणारा दिवा

नातवंडांना हे अजून सांगितलेलं नाही. मी विज्ञानाची बाई. प्रदर्शनासाठी यूएसबीवर इन्फ्रारेड एलईडी जोडला, तो पेटलेला दिसेना, म्हणून वीज मर्यादित ठेवणारा रेझिस्टर कमी करत करत शेवटी काढूनच टाकला. एलईडी जळाला आणि शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर बंद पडला.

हेडमास्तरांना कळण्याआधी तो मांडीवर घेऊन शहापूरहून एसटीनं मुरबाड गाठलं. तिथला रेडिओ दुरुस्तीवाला रेझिस्टर साबणाच्या वडीत टोचून ठेवी. “जास्त करंट गेला की आपोआप बंद पडतो,” म्हणत त्यानं मान वर न करता कॉम्प्युटर चालू केला, मग शंभर ओहमचा रेझिस्टर लावून तसलाच नवा एलईडी जोडला.

मी गोंधळून म्हटलं, “हाही गेला.”

त्यानं मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला. पडद्यावर जांभळा ठिपका लखलखत होता. इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे.

तो म्हणाला, “बाई, तुमचा पयला पन असाच पेटलेला. तुमाला दिसला नाय, म्हणून जाळलात बिचाऱ्याला.”